फोर्कमधली हवा आणि मराठवाड्याचं ऊन: प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. भाच्याने पुण्याहून सेकंडहँड माउंटन बाइक आणली आहे, पुढे १०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, हवेच्या स्प्रिंगचा एअर फोर्क. त्याची तक्रार अशी की भल्या पहाटे गोगाबाबाच्या टेकडीवर फोर्क मऊ लागतो आणि अकराच्या सुमारास त्याच वाटेने उतरताना मनगटांना दणके बसतात. "मामा, हवा आपोआप कमी-जास्त होते का?" होते. किती होते, कशाने होते आणि हाताला त्यातलं किती कळतं, हे बघायचं आहे.

सायकलवाल्यांत सगळी चर्चा उंचीची: डोंगर चढलात की हवा तपासा. ज्यांचे डोंगर तीन-तीन हजार मीटरचे आहेत त्यांनी ती करावी. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, म्हैसमाळ हजाराच्या थोडं वर. आपल्याकडे डोंगर थोडका आणि ऊन उदंड. माझा संशय उन्हावर आहे.

८ डिसेंबर

भाच्याला आधी फोर्कच्या आत काय चालतं ते कागदावर काढून दाखवलं. ह्या फोर्कच्या डाव्या पायात हवा, उजव्यात तेलाचं डँपर, म्हणजे हालचालीला लगाम. हवेच्या नळीत एक पिस्टन. त्याच्या वरची हवा फोर्कला लांब ठेवते. पिस्टनखाली एक छोटा कप्पा आहे, त्यातली हवा उलट्या दिशेने ओढते. तो कप्पा नसता तर फोर्क सुरुवातीला हललाच नसता, कारण आतला दाब मोडून काढेपर्यंत चाकाखालचा बारीक खडा सरळ हँडलमध्ये आला असता. दोन्ही कप्पे एकमेकांना जोडणारी एक बारीक खाच नळीच्या आतल्या बाजूला असते, फोर्क जवळजवळ पूर्ण उघडा असताना पिस्टन तिच्यासमोर येतो आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो.

म्हणून भरताना नुसता पंप मारून भागत नाही. ७५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप) भरलं, पंप काढून फोर्क सावकाश आठ-दहा वेळा दाबला, पुन्हा बघितलं तर ६८. हवा कुठे गेली नाही, खालच्या कप्प्यात गेली. परत ७५ केलं, परत दाबला, तेव्हा कुठे स्थिर झालं. बरीच मंडळी पहिल्याच आकड्यावर थांबतात आणि फोर्क मऊ निघाला म्हणून बोटं मोडतात.

बळाचा हिशेबही केला. नळीचा आतला व्यास अठ्ठावीस-एकोणतीस मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ६.४ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. ७५ पीएसआय म्हणजे सव्वापाच किलो दर चौरस सेंटिमीटरला. गुणाकार ३४ किलोच्या जवळ जातो. भाचा ६४ किलोचा, उभा राहिला की त्यातला निम्म्याहून थोडा कमी भार पुढच्या चाकावर. आकडे एकमेकांच्या शेजारी बसतात.

हवेवर चालणारा फोर्क ही काही नवी चूष नाही. पॉल टर्नर यांनी १९८९ साली रॉकशॉक्स सुरू केली, तिचा पहिलाच आरएस-१ फोर्क हवेवर आणि तेलावर चालायचा, ट्रॅव्हल जेमतेम ५० मिलिमीटर.

११ डिसेंबर

शॉक पंप, म्हणजे फोर्कमध्ये हवा भरायचा गेजवाला हातपंप, कंपनीत नेला. वाळूजला इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये नोकरी असल्याचा एवढा तरी फायदा. जेवणाच्या सुट्टीत साहेबांना विचारून मास्टर गेजसमोर लावला.

पंपाचं गेज ० ते ३०० पीएसआयचं. तीनशेच्या गेजवर दोन-तीन टक्के त्रुटी म्हणजे सहा ते नऊ पीएसआय, आणि आपलं काम चालतं सत्तर-ऐंशीत. मास्टरवर ७५ असताना पंपावर ७१ दिसलं. ६०ला ५६, ९०ला ८६. म्हणजे खोटं बोलतो, पण दरवेळी तेवढंच. त्यावर मी खूश आहे. चार मिळवायचे, झालं. पंपाच्या मुठीवर टेप लावून मार्करने "+४" लिहिलं. ह्यापुढचे सगळे आकडे दुरुस्त केलेले.

दुसऱ्याच्या पंपावरचा आकडा आपल्या फोर्कला का लागू पडत नाही, ते इथे कळतं. मित्राने सांगितलेलं "ऐंशी ठेव" हे त्याच्या पंपाचं ऐंशी.

१४ डिसेंबर

शहागंजात सायकल दुरुस्तीवाल्या उस्तादांकडे गेलो होतो, हेडसेटला (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगला) ग्रीस द्यायला. पंप काढताना फुस्स झालं तसं ते हसले. "साब, आवाज आया, मतलब हवा गई." मी म्हटलं, ती पंपाच्या नळीतली. उस्तादांना पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तोंडी पटण्यासारखं हे आहेही नाही.

म्हणून तिथल्या तिथे करून दाखवलं. फोर्कचा व्हॉल्व्ह मोटरसायकलच्या टायरसारखाच, आत खिळा असतो. पंप फिरवून काढताना तो खिळा आधी बंद होतो, मग दोऱ्यांमधून नळीतली कोंडलेली हवा सुटते. फोर्क तसाच. मात्र पुन्हा पंप लावला की फोर्कमधली थोडी हवा रिकाम्या नळीत भरते आणि गेज कमी दाखवतं. फोर्कमध्ये १०० घनसेंटिमीटरच्या आतबाहेर हवा, पंपाची नळी आणि गेज मिळून चारेक. ७५चं ७२ दिसायला तेवढं पुरतं. नुसतं बघायला म्हणून पंप लावला तरी प्रत्येक वेळी अडीच-तीन पीएसआय जातात, आणि बघणाऱ्याला वाटतं फोर्क लीक आहे.

उस्तादांनी दोनदा स्वतः लावून-काढून बघितलं. "तो देखनाच नक्को," म्हणाले. अगदी बरोबर.

बाजूला उभ्या असलेल्या पोराने विचारलं, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने का नाही भरायचं. फोर्कच्या एवढ्याशा नळीत कॉम्प्रेसरची हवा एका झटक्यात किती शिरेल त्याचा नेम नाही, सील फाटतं. शॉक पंप एका दाबात जेमतेम दोन-चार पीएसआय वाढवतो, त्याचं कौतुक त्यासाठीच.

१५ डिसेंबर

सॅग मोजला, म्हणजे नुसत्या माणसाच्या वजनाने फोर्क किती दबतो ते. भाच्याने हेल्मेट, बूट आणि दोन लिटर पाण्याची बॅग सगळं चढवलं. पाणी दोन किलोचं असतं हे लोक विसरतात. मी मागचं चाक गुडघ्यात धरलं, तो पेडलवर उभा, कोपरं वाकवून, उताराला असतो तसा. नळीवरची रबरी ओ-रिंग सीलला टेकवली, तो अलगद उतरला, मोजलं: १९ मिलिमीटर. शंभरातले एकोणीस म्हणजे जवळजवळ २० टक्के, क्रॉस कंट्रीला पंधरा ते वीस चालतं, खडबडीत वाटेला पंचवीसपर्यंत. आमच्या दगडांना वीस ठीक.

घरात भिंतीला टेकून बसून मोजलेला सॅग वेगळा येतो, फोर्कच्या सिलांना चिकट घर्षण असतं. म्हणून बसण्याआधी दोन हिसके द्यायचे, मग स्थिर व्हायचं.

२२ डिसेंबर

मुख्य चाचणी. पंप सारखा लावला-काढला तर हवा जाणार, म्हणून पंप लावूनच ठेवायचा. पंपाची तेवढी नळीही फोर्कचाच भाग धरायची. पहाटे गच्चीवर बाइक स्टँडला टांगली. तापमानाला आधी लेझरवालं थर्मामीटर घेतलं होतं, पण फोर्कच्या चकचकीत नळीवर ते काहीच्या काही दाखवतं. काळी इन्सुलेशन टेप चिकटवली तर जरा ताळ्यावर आलं. शेवटी कंपनीतून आणलेली थर्मोकपलची (तापमान मोजायची) तार टेपखाली दाबून टाकली आणि तिचंच खरं मानलं.

पहाटे नळी १२ अंश, दाब ७५.
दुपारी एक, उन्हात, नळी ३८ अंश, दाब ८३.

सावलीत हवा त्या वेळी २८ होती. काळा रंग आणि मॅग्नेशियमचे पाय, उन्हात धातू हवेपेक्षा दहा अंश वर जातो. त्यामुळे मोबाइलवरचं हवामान बघून हिशेब करायचा नाही.

कागदावर काय येतं तेही पाहिलं. बंद हवेचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो, पण दोन्ही अगदी तळापासून मोजायचे: तापमान उणे २७३ अंशांपासून आणि दाब निर्वातापासून. गेजचा शून्य म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब, आपल्या गावात तो १३.७ पीएसआय. तर ७५ अधिक १३.७ म्हणजे ८८.७, गुणिले ३११, भागिले २८५, त्यातून १३.७ वजा. उत्तर ८३.१. गेजच्या काट्याची जाडीच एक पीएसआयची असताना यापेक्षा जास्त जुळायची अपेक्षा नाही.

लक्षात ठेवायला सोपं: ह्या दाबाला दर १० अंशांमागे ३ पीएसआय.

संध्याकाळी नळी गार झाली तसा काटा उतरत ७५ला येऊन बसला. म्हणजे लीक नाही. हे एक बरं झालं.

१२ जानेवारी

उंचीची बाजूही ऐकून घ्यायला हवी. सकाळी गाडीत बाइक घालून म्हैसमाळला. पंप जोडलेलाच, काचा उघड्या. दौलताबादच्या घाटात त्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते, तिथे अडकून पडलो तेवढ्यात भाच्याने पेरू घेतले. खुलताबादला भद्रा मारुतीला हात जोडून वर.

घरी निघताना नळी १८ अंश, ७५. वर गिरिजामातेच्या मंदिराजवळ सावलीत बाइक ठेवली, तार स्थिर होईपर्यंत थांबलो: १५ अंश. काटा ७५वरच.

भाच्याला वाटलं प्रयोग फसला. उलट इतका छान क्वचित जमतो. पाचशे मीटर चढल्यावर बाहेरचा दाब पाऊण पीएसआयने उतरतो, तेवढं गेज जास्त दाखवणार. पण वर तीन अंश गारवा होता, तो सुमारे ०.९ पीएसआय घटवणार. उंचीने दिलं ते गारव्याने काढून घेतलं. मग बाइक सरकवून उन्हात ठेवली, गप्पा मारेपर्यंत काटा ७८ला. पाचशे मीटर डोंगराला जे जमलं नाही ते दहा पावलांवरच्या उन्हाने केलं.

मुंबईहून बाइक घेऊन लडाखला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर, बाहेरचा दाब मुंबईच्या जवळपास निम्मा. गेज सात पीएसआय जास्त दाखवेल. त्याखेरीज फोर्कच्या खालच्या पायांत कोंडलेली हवा फुगून फोर्कचा शेवट कडक करते. हल्लीच्या काही फोर्कना ती सोडायला मागच्या बाजूला छोटं बटण असतं. नसेल तर सिलाखाली प्लास्टिकची बारीक पट्टी सरकवून हवा सोडणारेही आहेत. मी करणार नाही. सिलाच्या ओठाला ओरखडा गेला की काळ्या मातीची धूळ आत, आणि मग पाचशे रुपयांचं सील राहतं बाजूला, नळी घासली जाते.

९ फेब्रुवारी

टोकन. ह्याचा तापमानाशी संबंध नाही, पण भाचा आता उतारावर फोर्क तळाला आपटवतोय आणि "हवा वाढवू का" विचारतोय. हवा वाढवली तर सॅग जाणार, छोटे खडे पुन्हा हातात.

टोकन म्हणजे प्लास्टिकची गुटी, वरच्या झाकणाला आतून लागते. हवेची जागा कमी करते, बाकी काही नाही. हिशेब मांडला: आत ९६ घनसेंटिमीटर हवा, फोर्क पूर्ण दबला की ६४ कमी होऊन ३२ उरते. म्हणजे तिप्पट दाब. ८ घनसेंटिमीटरचं टोकन घातलं की ८८ची २४ होते, पावणेचार पटीच्या जवळ. आणि सुरुवातीला? २० मिलिमीटर दबल्यावर टोकनशिवाय १.१५ पट, टोकनसकट १.१७. हाताला कळणार नाही. सगळा फरक शेवटच्या पंचवीस-तीस मिलिमीटरात पडतो, जिथे आपल्याला हवा आहे तिथेच.

हे झालं बॉइलच्या नियमाने (हवेची जागा जितक्या पटीने कमी, दाब तितक्या पटीने जास्त), सावकाश दाबल्यावर. दगडावर आपटतो तेव्हा दबलेल्या हवेला उष्णता बाहेर टाकायला वेळच मिळत नाही, ती आतल्या आत तापते, आणि दाब तिप्पट न होता साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो. घरी हाताने दाबून "तळाला जातोय" म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

झाकण काढण्याआधी हवा सावकाश आणि पूर्ण सोडायची. घाईने सोडली तर खालच्या कप्प्यात दाब अडकतो आणि फोर्क स्वतःहून आत ओढला जातो. एक टोकन घातलं, ७५ भरलं. आपटणं थांबलं.

१६ मार्च

आज गंमत झाली आणि मला ती अपेक्षित नव्हती.

भाच्याची मूळ तक्रार: दुपारी दणके. पहाटे १५ अंशांना भरलेला फोर्क ४० अंशांच्या धातूला साडेसात पीएसआय चढतो, म्हणजे दहा टक्के. सॅग वीसचा अठरा. दोन मिलिमीटर. एवढ्याने मनगटं दुखतात हे मनाला पटत नव्हतं. म्हणून दुपारी टेकडीखाली त्याला पाठ करून उभं केलं आणि फोर्कमधले साडेसात पीएसआय कमी केले. एक उतार मारून आला. "थोडं बरं. पण दणके आहेतच."

मग फोर्क पुन्हा होता तिथे नेला आणि पुढच्या टायरला गेज लावलं. पहाटे २४ भरलं होतं, आता २७ पार. टायरही बंद हवाच, तोच नियम. २४ अधिक १३.७, गुणिले ३१३, भागिले २८८, वजा १३.७: २७.३. फोर्कपेक्षा आकडा लहान, पण टक्क्यांत बघा. फोर्क दहा टक्के, टायर जवळपास चौदा. कारण दाब जितका कमी तितका त्यात बाहेरच्या हवेचा वाटा मोठा, आणि वाढ त्या वाट्यावरही होते, जो गेजला दिसतच नाही. शिवाय टायर तापलेल्या काळ्या दगडावर फिरतोय, फोर्क निदान वाऱ्यात असतो.

टायर २४ला आणला, भाच्याला काही सांगितलं नाही. खाली आल्यावर म्हणाला, "मामा, आता झाला फोर्क नीट. काय केलं?"

फोर्कला हातही लावला नव्हता.

खडा-मुरमाचा बारीक कंप टायर खातो, फोर्कपर्यंत तो पोहोचायच्या आधी. टायर कडक झाला की तो सगळा वर जातो आणि शिव्या फोर्कला बसतात. ह्यापुढे दुपारी काहीही कडक लागलं तर पहिलं बोट टायरवर.

२० एप्रिल

मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाइक. दुपारी नळी ५५ अंश. डिसेंबरात पहाटे ७५ भरून तशीच ठेवली असती तर आज ८८ दिसलं असतं. सॅग सतरावर.

पण आज दुसरंच दिसलं. हवा दुरुस्त करून ७५ला आणली तरी फोर्क हँडल हातातून उडवतो. दाबून सोडला की चाक जमिनीवरून उसळतं. हे उजव्या पायातलं काम. रिबाउंड म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत उघडतो त्याचा लगाम, आणि तो लगाम तेलाचा. तेल तापलं की पातळ होतं, छिद्रांतून पटकन सरकतं, लगाम सैल. थंडीत जे क्लिक बरोबर वाटत होते ते आता अपुरे. वर हवा चढलेली असेल तर तिचाही धक्का त्याच दिशेने. ऊन दोन्ही बाजूंनी फोर्क उधळतं, आणि लोक फक्त हवेचं बघतात.

लाल नॉब दोन क्लिक आवळला. उसळी थांबली. फार आवळून चालत नाही, फोर्क पुढच्या दगडाआधी उघडतच नाही आणि हळूहळू खाली बसत जातो. पायऱ्या-पायऱ्यांच्या उतारावर ते लगेच कळतं, तिसऱ्या-चौथ्या पायरीला हँडल खाली गेल्यासारखं वाटतं.

भाच्याच्या मित्राचा फोर्क स्प्रिंगचा आहे. तो म्हणतो आम्हाला ही कटकट नाही. अर्धं खरं. स्प्रिंगला ऊन लागत नाही, तेलाला त्याच्याही लागतं. आणि चालवणाऱ्याचं वजन बदललं तर त्याला स्प्रिंगच बदलावी लागते, आम्ही पंप मारतो.

१८ मे

पंपाच्या डबीत चिठ्ठी टाकली, भाच्याने त्याच्या अक्षरात लिहिली:

हवा निघायच्या वेळी नाही, जेव्हा चालवायचं तेव्हाच्या गरमीला. बाइक सावलीत, नळीला हात लावून बघ.
पहाटे भरून दुपारी चालवायचं असेल तर फोर्कमध्ये ६ कमी, टायरमध्ये ३ कमी.
कडक वाटलं: टायर, मग रिबाउंड, मग फोर्क.
विनाकारण पंप लावू नको.

शेवटची ओळ उस्तादांची म्हणायला हरकत नाही.

बाइक पत्र्याखालून काढून जिन्याखाली आणली, तिथे दुपारी पस्तीसच्या वर जात नाही. राहिलं एक काम: खालचे पाय उघडून धुणं. उत्पादक पन्नास तासांनी सांगतात, आमची धूळ बघता त्याआधीच. पहिल्या पावसानंतर काळी माती चाकाला आणि नळीला लिंपली जाते, ती सुकून सिलावर घासली की वर लिहिलेले सगळे आकडे फुकट, कारण घर्षणाने सॅगच खरा येत नाही. फोमच्या रिंगा आणि सील मागवले आहेत, तेल घरात आहे. मृग लागायच्या आधीचा एखादा रविवार त्याला द्यायचा.